परमिट

रात्रीचा दीड.
मन्याडच्या अल्याड, कंधारच्या रस्त्याला आमचं उपकेंद्र:
एक खोली, सहा फीडर, तापल्या तेलाचा वास
आणि खुर्चीत मी, रुक्मिण सोनकांबळे, यंत्रचालक,
पायात लोकरीचे मोजे, पायाखाली रबरी चटई.

दस्तगीरचा फोन.
"ताई, माळावरचा जंप जळालाय. परमिट द्या."
सोबत कोण?
"हेल्पर रजेवर. गाडी हाय की सोबत."

नियमात दोन माणसं लिहिलीत.
तालुक्यात तेवढी शिल्लक नाहीत.

ब्रेकर पाडला. आयसोलेटर उघडला, कुलूप घातलं,
किल्ली स्वेटरच्या खिशात.
हँडलला पाटी अडकवली: माणसे काम करीत आहेत.
पाटीवर अनेकवचन.
खांबावर एकवचन.

मग तो बोलत राहिला आणि मी ऐकत.
अंगठी काढली, डब्यात ठेवली.
टेस्टर आधी दुसऱ्या फीडरच्या जित्या तारेवर लावून बघितला,
खोटं बोलत नाही ना ते कळायला.
मग आपल्या तारेवर. गप्प.
अर्थिंगचं टोक आधी जमिनीला,
मग तारेला. तिन्ही तारांना.
"मंगल कार्यालयाचा जनरेटर चालू हाय, ताई,
उलटा करंट आला तर जमिनीतच जाईल."
पट्टा बांधला. आता वर जातो.
फोन खाली पिशवीत ठेवतो.

वहीत लिहिलं: परमिट सत्तावीस, एक चाळीस.

ही खुर्ची माझ्याआधी ज्याची होती
त्याला एकदा कुणीतरी सांगितलं होतं, झालंय, सोडा.
त्यानं सोडली.
तो आता पुसदला पोरीकडं राहतो
आणि घरातला दिवासुद्धा बायकोला लावायला सांगतो.

अडीचला पहिला फोन: लाइन कधी?
पावणेतीनला गिरणीवाला.
तीनला कुणीतरी, नाव न सांगता,
मोठ्या माणसाचं नाव सांगून.
रात्रीच्याच पाळीला थ्री फेज,
मोटारी पाण्यात, पाणी विहिरीत,
गावं बांधावर, हातात बॅटऱ्या घेऊन.

सव्वातीनला एक जण:
"मॅडम, उतरला की तो खाली. म्या डोळ्यानं बघितलो.
सोडा की आता, हरभरा वाळायलाय."
त्याला फोन द्या.
"तो गेला च्याला."
मग चहा पिऊन येऊ द्या.

मी दस्तगीरला लावला. वाजला, वाजून थांबला.
परत लावला.
किल्ली खिशात गरम झाली होती,
माझ्याच अंगानं.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी उभी राहिले,
का ते माहीत नाही, ते काही दिसत नव्हते.
"दोन तास झाले. तुमच्या जबाबदारीवर बघा."
मी बघितलं. हँडल, पाटी, भिंतीवरची पाल.
ज्यानं परमिट घेतलं त्याच्या तोंडून परत येईपर्यंत
माझा हात माझा नाही.

चार वाजून दहा.
"ताई, आवाज यायलाय का?
दुसराबी जंप गेलेला, तोबी बांधला.
वरून पिशवीत उजेड दिसायचा, तुम्हीच असणार म्हणलं.
उतरताना गडबड नको, म्हणून सावकाश आलो."
खाली कोण उतरलं होतं मग, सव्वातीनला?
"कुणी न्हाई. मी वरच."

मी पाणी प्याले. मग विचारलं, अर्थिंग?
"काढलं. आधी तारेचं, मग जमिनीचं.
माणूस खाली, हत्यारं मोजली, अंगठी बोटात.
मी दस्तगीर. परमिट सत्तावीस परत."
पुन्हा सांग.
तो हसला. पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता.

पाटी काढली. कुलूप काढलं. आयसोलेटर मिटला, ब्रेकर चढवला.
अँपिअरचा काटा हलला, थबकला,
मग विहिरींच्या तळातून
एकेक मोटार उचलत वर गेला.

पंधरवड्यानं कागद आला:
अडीच तास पुरवठा खंडित, खुलासा सादर करावा.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं,
आवाज आला नव्हता.

साहेबांनी खाली लाल पेननं शेरा मारला:
तांत्रिक शब्द वापरावेत.